देवदाराचा नवा दोर

फार वर्षांपूर्वी जपानातल्या एका डोंगरावर एक देवदार होता. त्याच्यात देव उतरला म्हणून गावाने त्याच्या बुंध्याला पेंढ्याचा जाड दोर बांधला. झालं! पोरं चढेनाशी झाली, येणारा लांबूनच हात जोडू लागला.

दर नववर्षाला जुना दोर बदलायला तोमेआजी यायची. दोर मागून पुढे घेताना ती बुंध्याला कवेत घ्यायची. तेवढ्यासाठी देवदार वर्षभर वाट बघायचा.

एका वर्षी मात्र तिचे हात पुरेनात. "केवढा वाढलास रे!" ती कौतुकाने म्हणाली. तिने काठीने दोर ओढून घेतला, गाठ मारली आणि लांबूनच हात जोडून निघून गेली.

नव्या दोराने भीत भीत विचारलं, "देवा, टोचतोय का मी?"

"नाही रे," देवदार म्हणाला, "अजून जरा घट्ट धर."