न चाळलेला केर

"बाबा, आता तरी सांगा… अजून कुठं घाण राहिलीय?"

रत्नाकर शेवडे अंगणाच्या मधोमध उभा होता. हातात ओलं फडकं, केसांत कोळिष्टक, आणि चेहऱ्यावर शाबासकीची वाट.

ओट्यावर दौलतगीर बाबा बशीतून चहा पीत होते. त्यांनी बशी संपवली, पुन्हा भरली, आणि फुंकर घालत बसले.

निंबगावच्या टेकडीवरचा हा गोसाव्यांचा मठ तसा लहानच. महादेवाची एक खोली, एक ओवरी, आणि तीन पिढ्यांच्या धुराने काळं झालेलं स्वयंपाकघर. पाडवा चार दिवसांवर आला होता. गुढी उभारायच्या आधी घर झाडून-पुसून काढायची रीत मठालाही चुकलेली नाही.

पण रत्नाकर काही साधासुधा झाडूवाला नव्हता. पुण्यात 'लखलख गृहस्वच्छता सेवा' त्याच्या मालकीची. पंधरा माणसं, सहा यंत्रं, एक टेम्पो. दसरा-दिवाळीच्या आधी लोक त्याच्याकडे महिनाभर अगोदर नंबर लावत. नाव मोठं होतं, आणि नावाची घमेंड त्याहून थोडी मोठी होती.

गेल्या पाच पौर्णिमा तो या टेकडीवर येत होता. अनुग्रह द्या, म्हणून मागे लागला होता. दर वेळी अंघोळ करून, पांढरा झब्बा घालून, फुलं घेऊन यायचा. दर वेळी बाबा म्हणायचे, "बघू."

पाच महिन्यांत त्याला धड झोप लागली नव्हती. बाबांनी कानात मंत्र सांगितला की झोप येईल, अशी त्याची आशा होती. झोपेचं मात्र त्याने बाबांना कधी सांगितलं नाही.

शेवटी त्याला वाटलं, बाबांना आपली किंमत कळलेली नाही. एकदा आपला हात दाखवायला हवा. म्हणून तो चार माणसं आणि टेम्पो घेऊन आला आणि म्हणाला, "बाबा, पाडव्याआधी सगळा मठ लखलखीत करून देतो. सेवा म्हणून."

"कर," बाबा म्हणाले.

त्याने तीन दिवस केलं, आणि खोटं कशाला बोला, झकास केलं. आधी आढं, मग भिंती, फरशी सगळ्यात शेवटी. आतल्या कोपऱ्यात सुरुवात आणि दाराशी शेवट. तांब्याची भांडी चिंचेने घासून अशी काढली की त्यात तोंड दिसावं. आज सकाळी माणसं टेम्पोतून परत गेली. रत्नाकर तेवढा मागे राहिला, कौतुक ऐकायला.

"बाबा… काही राहिलंय का?"

बाबांनी बशी खाली ठेवली.

"बस जरा. एक सांग. तुझ्या धंद्यात सगळ्यात अवघड काय?"

प्रश्न धंद्याचा निघाल्यावर रत्नाकर खुलला. फडकं खांद्यावर टाकून पायरीवर बसला.

"लोकांना वाटतं, स्वयंपाकघरातलं तेल. ते काही नाही हो, गरम पाणी आणि सोडा असला की निघतं. अवघड असतात ती माणसं. आम्ही सकाळी नऊला येणार म्हटलं की घरातली बाई आदल्या दिवसापासून घर आवरायला घेते."

"तुम्ही येणार म्हणून?"

"आम्ही येणार म्हणून. आमच्यासमोर लाज नको."

"मग तुम्ही काय पुसता?"

"पुसलेलंच पुसतो."

बाबा हसले. दात फार उरले नव्हते, पण हसू भरपूर होतं.

"आन् खरी घाण?"

"ती एका खोलीत कोंबतात, बाबा. प्रत्येक घरात अशी एक खोली असतेच. बाहेरून कडी. म्हणतात, एवढी राहू द्या, तिकडे काही नाही."

"मग तुम्ही सोडून देता?"

"गिऱ्हाईक सांगेल तसं." रत्नाकरला स्वतःच्याच बोलण्याचं हसू आलं. "कडी मात्र घासून देतो. चांगली चमकेपर्यंत."

बाबा उठले, स्वयंपाकघरात गेले, आणि सूप घेऊन आले.

फाटकापाशी पोत्यावर तीन दिवसांच्या केराचा ढीग होता. जळमटं, माती, काड्या, उंदरांनी कुरतडलेल्या चिंध्या. बाबांनी ओंजळीओंजळीने तो केर सुपात भरला, सूप ओट्यावर आणलं, आणि पाखडायला बसले.

धूळ उडाली. नुकत्याच धुतलेल्या ओट्यावर बसली, बाबांच्या भगव्यावर बसली, भांड्यांवरही बसली.

"बाबा… अहो, आत्ताच पुसलंय."

"हं."

"तो केर आहे, बाबा. टाकायचा आहे."

"टाकायचाच हाय. पर आमच्यात चाळल्याबिगर टाकत न्हाईत."

पहिल्या सुपात एक बटण निघालं. दुसऱ्यात सुई आणि फुटका रुद्राक्ष. तिसऱ्या सुपात काहीतरी किणकिणलं. बाबांनी बोटांनी माती बाजूला सारली आणि एक पितळी घुंगरू उचललं. ते धोतराला पुसलं, कानाशी नेऊन हलवलं.

"हे आमच्या तांबूचं. वासरू होती तवाचं." त्यांचा चेहरा उजळला. "लई वर्सं शोधत हुतो. गाय म्हातारी होऊन गेली, तरी घुंगरू काय गावंना."

मग चौथं सूप भरता भरता त्यांनी सहज विचारलं,

"तुमच्यात चाळत्यात का न्हाई?"

रत्नाकरचा हात खिशाकडे गेला आणि तिथंच थांबला.

…

"पूर्वी चाळायचे," तो म्हणाला.

बाबा पाखडत राहिले.

"आमच्याकडे शालनताई म्हणून होत्या. नऊ वर्षं होत्या. त्या केर चाळल्याशिवाय टाकायच्या नाहीत. व्हॅक्यूम मशिनच्या पिशवीतली धूळसुद्धा वर्तमानपत्रावर ओतून बोटांनी बघायच्या. कुणाचा मणी, कुणाच्या कानातल्याची फिरकी… काढून मालकिणीच्या हातात द्यायच्या. मला उशीर व्हायचा. पुढचं घर थांबलेलं असायचं. मी म्हटलं, ताई, हे म्हाताऱ्या बायांचे चाळे बंद करा. पिशवी थेट कचऱ्यात रिकामी करा."

"मग?"

"बंद केलं त्यांनी. मालकाने सांगितलं म्हणून."

सूप थांबलं नव्हतं. ते थांबलं असतं तर रत्नाकर कदाचित पुढे बोललाच नसता.

"नवरात्राच्या आधी एका बंगल्यात काम होतं. त्या बाईंच्या सासूबाईंची मोत्याची नथ गेली. कपाटाची खोली शालनताईंनी केली होती. बाईंनी बोट दाखवलं. मी… मी विचारलंसुद्धा नाही. पंधराही माणसांना उभं केलं आणि त्यांच्यादेखत शालनताईंना म्हणालो, लखलखमध्ये चोराला जागा नाही. मला वाटलं, बघा, मालक कसा कडक आहे. नाव वाचलं."

"हं."

"त्या एकच वाक्य बोलल्या. साहेब, पिशवी बघितली का? मी म्हटलं, निघा."

त्याने खिशातून चुन्याची एक लहान डबी काढली. पान-तंबाखूचं त्याला व्यसन नव्हतं. झाकण उघडलं.

आत कापसावर नथ होती. मोती जरा मळलेले, तार वाकलेली.

"दिवाळीचा हंगाम संपल्यावर मशीन उघडलं. पिशवीच्या आत पुठ्ठ्याची एक घडी असते, तिच्यात अडकली होती. मी एकटाच होतो. कुणी बघितलं नाही."

…

"परत करायला गेलो असतो तर सगळं सांगावं लागलं असतं. पुण्यात बातमी व्हायला किती वेळ लागतो? म्हटलं, उद्या सांगू. मग म्हटलं, पाडव्याच्या हंगामानंतर सांगू. टाकून द्यायची हिंमत झाली नाही, आणि घरी ठेवायचीही नाही. पाच महिने खिशात घेऊन फिरतोय, बाबा. तुमच्या पायाशी बसलो, तेव्हाही हीच खिशात होती."

बोलणं संपलं. टेकडीवर वारा होता आणि खाली गावात कुणीतरी गोधडी आपटत होतं. चैत्राच्या तोंडावर सगळ्या गावाची धुणी ओढ्याला निघतात.

रत्नाकर वाट बघत होता. आता बाबा प्रायश्चित्त सांगतील. उपास, अकरा सोमवार, निदान एक शिवी तरी. शिवी दिली असती तर त्याला बरंच वाटलं असतं.

बाबांनी सूप खाली ठेवलं. नथीकडे पाहिलं, पण हातात घेतली नाही.

"त्या शालनबाईचा नंबर हाय?"

"आहे."

"हितं रेंज न्हाई. खाली उंबरापाशी लागती."

बस. एवढंच. नि बाबा पाचवं सूप भरायला उठले.

रत्नाकर पायऱ्या उतरला. एकसष्ट पायऱ्या होत्या आणि प्रत्येकीवर त्याला परत फिरावंसं वाटलं. उंबराखाली उभा राहून त्याने नंबर लावला. मनात एकच आशा होती, उचलू नये.

तिसऱ्या घंटेला उचलला.

"कोण बोलतंय?"

"शालनताई… मी शेवडे."

पलीकडे भांड्यांचा आवाज होता. तो बंद झाला.

"बोला."

त्याने तोंडपाठ काही केलं नव्हतं. नथ सापडली, मशिनच्या पिशवीत, तुमचं बरोबर होतं, माझं चुकलं… जसं सुचेल तसं तो सांगत गेला. क्रम चुकला. पुन्हा सांगितलं.

"मला ठावं हुतं म्या घेतली न्हाई ती," शालनबाई म्हणाली. "तुमाला कधी कळलं?"

इथं खोटं बोलता आलं असतं. काल, म्हणता आलं असतं.

"दिवाळीनंतर."

"दिवाळी…" तिने महिने मोजले. "पाच म्हैनं की हो सायेब."

"हो."

"तुमी मला काढलं तवापास्नं माझी सून कपाटाला कुलूप लावती. माझ्याच घरात. चावी कमरंला." तिचा श्वास ऐकू येत होता. "बोलत न्हाई काय. नुस्ती चावी वाजती."

रत्नाकर उंबराच्या बुंध्याला टेकला. माफ करा, हा शब्द त्याच्या तोंडात होता, पण त्या चावीपुढे तो फारच हलका वाटला.

"ताई, मी काय करू ते सांगा."

मग शालनबाई बोलली, आणि तिच्या आवाजात कामावरची ती जुनी बाई परत आली, जी नव्या पोरींना फडकं कसं पिळायचं ते शिकवायची.

"पैले बंगल्यावर जायाचं. मी बी येनार. माझ्यादेखत बाईंस्नी सांगायचं. मग सगळी पंधरा मान्सं पुन्यांदा हुबी करायची, तशीच. आन् मग माझ्या घरला यायचं. सुनंसमूर सांगायचं. नथ कुटं गावली, कुनी लपवली, समदं."

"उद्याच."

"उद्याच या. सकाळच्याला." आणि मग, "च्या पिऊनच जावा घरला आला म्हंजी."

फोन बंद झाला.

रत्नाकर तिथंच मटकन बसला आणि रडला. मग हसला. टेकडीच्या पायथ्याशी शेळ्या राखणाऱ्या म्हाताऱ्याने त्याच्याकडे पाहिलं आणि शेळ्या जरा लांबून नेल्या.

पाय हलके झाले होते. पाच महिने अंगावर वाहिलेलं ओझं कुणीतरी हळूच उतरवून घ्यावं, तसं त्याला वाटत होतं. उद्याचा दिवस सोपा नव्हता, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. बंगल्यातली बाई बोलेल. माणसं तोंडावर नाही तरी मागे हसतील. गिऱ्हाइकं जातील. जाऊ देत. नुसत्या विचाराने त्याला एक मोठी जांभई आली. पाच महिन्यांतली पहिली खरी जांभई.

वर आला तेव्हा सगळा केर चाळून झाला होता. ओटा, पायऱ्या, अंगण, सगळीकडे धुळीचा थर होता. तीन दिवसांची मेहनत मातीत मिळाली होती. बाबा भिंतीला टेकून घुंगरात दोरा ओवत होते.

रत्नाकरने कोपऱ्यातला खराटा घेतला आणि अंगण झाडायला लागला. या वेळी घाई नव्हती. मधे एकदा वाकला, मातीतून एक लाल मणी उचलला, आणि बाबांच्या शेजारी ओट्यावर नेऊन ठेवला.

झाडून झालं. त्याने पाय धुतले, बाबांना नमस्कार केला, पिशवी खांद्याला लावली आणि निघाला. चुन्याची डबी आता हातातच होती.

फाटकाशी गेल्यावर त्याला आठवलं. जे मागायला पाच पौर्णिमा आला, ते आज मागायचं राहूनच गेलं होतं.

तो वळला.

"बाबा… अनुग्रहाचं?"

बाबांनी दोऱ्याला गाठ मारली. घुंगरू हलवून पाहिलं. वाजलं.

"पाडव्याला ये."

"येतो."

"आन् हे बघ…"

"जी?"

"येताना आवरून येऊ नको."