धाकू तांडेल आणि देवीचा कर्णा

तारवलीच्या खाडीवर पूल व्हायच्या फार फार वर्षं आधीची ही गोष्ट. पलतीरी जायला एकच लाँच होती आणि ती चालवायचा धाकू तांडेल. इंजिनावर त्याचा असा जीव, की खारं पाणी लागू नये, कुणाची दृष्ट पडू नये म्हणून त्यानं ते फळ्यांच्या पेटीत कोंडलेलं. हवा ओढायच्या तोंडालाही फडकं बांधलेलं. अति लाडानं पोर बिघडतं, तसं ते बिघडलं. तेल पिई दुप्पट, ओढी निम्मं, आणि धूर काळाकुट्ट. धाकू म्हणे, म्हातारं झालं बिचारं.

एका शिमग्याआधी धाकूची लेक जनाबाई अडली. सुईणीनं हात टेकले. पलीकडच्या दवाखान्यात पोचली तरच मायलेकरं वाचणार होती. ओहोटी समुद्राकडे खेचत होती, वारा लाटा आत फेकत होता, आणि लाँच मध्यावर येऊन जागची हलेना. धाकूनं तेल वाढवलं. धूर तेवढा वाढला.

लेकीभोवती बायकांनी मायेनं गराडा घातला होता. त्यातून ती म्हणाली, "बाबा, माका वारो होयो. ह्यांका वायच सराक सांगा."

धाकूनं बायकांना बाजूला केलं आणि मग त्याची नजर पेटीवर गेली. असं म्हणतात, की तो तिथंच रडला. इतकी वर्षं ते इंजिन स्वतःच्याच अंगानं तापलेली हवा गिळत होतं.

त्यानं पेटी फोडली, फडकं फाडलं. पण उघड्या तोंडात लाटेचं पाणी जाणार, हवा वरूनच आणायला हवी. लाँचमध्ये सोमा गुरव होता, देवीचा पितळी कर्णा उजळायला घेऊन निघालेला. धाकूनं हात पुढे केला. गुरव कचरला.

"देवीन इचारल्यान तर माजा नाव सांगा, गुरवानू," धाकू म्हणाला.

फुंकायचा बारीक तुकडा त्यानं काढून ठेवला, कारण अरुंद वाटेनं दम पुरत नाही. रुंद भाग इंजिनाच्या तोंडाला बांधला आणि कर्ण्याचा पसरट जबडा टपावर, वाऱ्याकडे केला. धूर निवळला. इंजिन मोकळा श्वास घेऊ लागलं आणि त्या श्वासानं कर्णा आपसूक घुमू लागला. असं म्हणतात, की तो नाद ऐकून ओहोटी थबकली. कुणी म्हणतं, लाँच पाण्याला टेकलीच नाही. आम्हाला एवढंच ठाऊक, की जनाबाईला मुलगी झाली आणि जनाबाई पुढं पतवंडं पाहून गेली.

कर्णा मात्र हादऱ्यांनी चिरला. गावानं दुसरा केला नाही. आजही शिमग्याची पालखी धक्क्याशी येते, तेव्हा कर्ण्याच्या पाळीला कुणीच काही वाजवत नाही. ढोल थांबतात. माणसं एकमेकांपासून जरा सरून उभी राहतात आणि सगळा गाव एक लांब श्वास घेतो. तो सोडला, की पालखी उठते.