पोत्याच्या तोंडची भुकटी

"नमुना कुठून घेतलास?"

"पोत्यातून." ऋजुताने लिहिता लिहिताच नूरचाचांना सांगितलं.

दंतमंजनाच्या कारखान्यातली ती छोटी प्रयोगशाळा. तिच्या टेबलावर कणांचा आकार मोजणारं लेझरचं नवंकोरं यंत्र, नूरचाचांच्या टेबलावर पितळी चाळण्या. एम.एस्सी.ला पहिली आलेली ती, आणि शिकायचं कुणाकडून, तर चाळणीवाल्याकडून!

"दाणा भरड आहे, चाचा. लहान मुलं यानं दात घासतात. हिरड्या सोलून निघतील. कोंडिबांचा माल आजपासून बंद."

वीस वर्षं खडूची भुकटी दळून देणारे कोंडिबा बाहेर बाकावर बसले होते. टोपी मांडीवर.

"यंत्र खोटं बोलत नाही," चाचा म्हणाले. "पण पोत्यात कुठून?"

"वरून. तोंडाजवळून."

चाचांनी काचेच्या बरणीत तळाला जाडसर कणी टाकली, वर मऊ भुकटी भरली. बरणी तिच्या हातात दिली.

"हं. हा तुझा टेंपो. आण गिरणीवरून."

"चाचा, थट्टा नको..."

"रस्ता खराब आहे. आपट जरा."

ती चिडून बरणी टेबलावर आपटत राहिली. मग हळूहळू थांबली.

कणी वर आली होती.

...

दोघांनी पोतं ताडपत्रीवर ओतलं. कालवून ढीग केला. ढिगाचे चार वाटे. समोरासमोरचे दोन ठेवले, दोन बाजूला सारले. पुन्हा ढीग, पुन्हा चार वाटे. तिनं मधेच मूठ भरली, तर चाचांनी मनगट धरलं.

"अजून नाही, बाळ."

शेवटी ओंजळभर उरलं. त्यातलं तिनं यंत्रात घातलं. आकडा आला... मापात होता.

दारात कोंडिबा उभे होते. "ताई, मग मी निघू?"

"निघा, काका. माल चांगला आहे. उद्याही पाठवा."

ते गेल्यावर तिनं अहवाल फाडला. डोळे पुसले, तर गालावर पांढरे पट्टे उमटले.

"एका माणसाच्या पोटावर पाय देत होते मी. अकरा दिवस झाले मला इथे येऊन, आणि हे माझं काम! मी नालायक आहे, चाचा. अगदी नालायक."

चाचा ताडपत्रीवरची भुकटी तळहातानं गोळा करत होते.

मग त्यांनी वर पाहिलं. "अकरा दिवसांवरून?"

"नमुना कुठून घेतलास?"