हैबतीचं टाकं

एका डोंगराच्या माथ्यावर एक गाव होतं. गावाला पाणी एकच, कातळात खोदलेल्या मोठ्या टाक्याचं. पावसाळ्यात ते भरायचं आणि वर्षभर पुरायचं. मृग लागायच्या आधी टाकं पुरतं रिकामं करून घासायचं, अशी तिथली रीत होती. नव्या पाण्याला जुना गाळ लागू नये, म्हणून. हे काम हैबती नावाच्या राखणदाराकडे होतं. माणूस कष्टाळू, पण कुणाचं बोलणं त्याला सोसवत नसे.

एका वर्षी पाऊस मृगाच्या दहा दिवस आधीच कोसळला. टाकं घासायचं राहिलं. सगळं पाणी गढूळ झालं आणि घरोघरी पोरं हगवणीनं लोळागोळा झाली. साऱ्या गावानं हैबतीला फैलावर घेतलं. "झोपला होतास काय रे?" हे त्याच्या फार जिव्हारी लागलं.

पुढच्या वर्षी त्यानं वैशाखातच टाक्याची मोरी उघडली. शेजारची येसूआजी म्हणाली, "हैबती, आभाळात ढगाचा ठिपका नाही. एवढी घाई कशाला? निम्मं तरी राहू दे."

"आजी, यंदा मला कुणी बोल लावायचा नाही," असं म्हणून हैबतीनं तळातला शेवटचा हंडाही बाहेर ओतला.

टाकं ताटासारखं लख्ख झालं. पण पाऊस? मृग गेला, आर्द्रा निम्म्या सरल्या, थेंब नाही! गाव दरीतल्या झऱ्यावर उतरू लागलं. जाऊन येऊन अर्धा दिवस मोडायचा. एकदा डोक्यावरच्या हंड्यासकट येसूआजी घसरली आणि तिचा पाय मोडला. हैबतीनं तिला पाठीवर घेऊन वर आणलं. वाटभर तो रडत होता. स्वतःची अब्रू राखायला आपण गावाचं पाणी ओतून दिलं, हे त्याला तेव्हा कळलं.

तिसऱ्या वर्षी गाव चावडीवर जमलं. "यंदा टाक्याला हातच लावायचा नाही," सगळे ओरडले. "लावलास तर राखणदारी गेली म्हणून समज!"

हैबती उठला. "काढून घ्या खुशाल. पहिल्या वर्षीचं बोलणं मनात धरून मी दुसऱ्या वर्षी चुकलो. आता दुसऱ्या वर्षीची भीती धरून तुम्ही तिसऱ्या वर्षी चुकताय. पोरं पुन्हा आजारी पाडायची आहेत का?"

तो तडक टाक्याकडे गेला. उन्हाळ्यानं पाणी आधीच खाली गेलं होतं. हैबतीनं टाक्याच्या मधोमध दगडामातीचा बांध घातला. एका बाजूचं पाणी दुसरीकडे नेलं आणि रिकामी बाजू घासली. मग पाणी परत आणून उरलेली बाजू घासली. शेवटी बांधही काढला. आठ दिवस तो कंबर मोडेस्तोवर खपला. येसूआजी काठावर बाज टाकून बसली होती. "तो कोपरा राहिला रे मेल्या!" असं तिचं चाललेलंच.

त्या वर्षी पाऊस लवकर आला की उशिरा, हे आज गावात कुणालाच आठवत नाही.

तात्पर्य: मागच्या चुकीला भिऊन काम करणारा नवी चूक करतो; जो लवकर आणि उशिरा दोन्ही धरून चालतो, त्याचं निभावतं.