हेही झोळीत टाका

"बाबांना उलट प्रश्न विचारायचा नाही. का, तेही विचारायचं नाही," मामीने दर्ग्याच्या पायरीवर बजावलं होतं.

शलाकाने आत पाय ठेवताच विचारलं, "मोबाईलमधलं भूत तुम्ही उतरवता म्हणे. कसं?"

मामाने कपाळाला हात लावला. नूरबाबा हसले.

"आधी बस तरी. उभ्या माणसाशी भूतसुद्धा बोलत नाही."

मामीने गाऱ्हाणं सुरू केलं. "बाबा, ही आमची भाची, आमच्याकडे राहून शिकते. पोरीने जेवण टाकलंय. परवा कॉलेजात चक्कर येऊन पडली. डॉक्टरांचे उपचार चालू आहेत, पण दिवसभर मोबाईलवर त्या काटकुळ्या पोरी बघते. त्यांनीच बिघडवलंय हिला."

"मला नका शिकवू," शलाका उसळली. "जाहिरातीतली कंबर कॉम्प्युटरवर बारीक करतात. वर्गात मीच भाषण ठोकलंय त्यावर. सगळं कळतं मला."

"कळतं... तरी?" बाबा म्हणाले.

तिने मान खाली घातली.

"...तरी."

बाबांनी हात पुढे केला. तिने मोबाईल दिला. तो त्यांनी झोळीत टाकला आणि तिच्यापुढे मलिद्याची थाळी ठेवली. गूळ-तुपाचा वास दरवळला.

तिने चिमूटभर उचलला. हात तोंडापाशी अडला.

"खा गं," मामी म्हणाली, "पण निम्मा बाजूला काढ. तूप बघ किती! दिवाळीनंतर बघायला येणारेत तुला."

मामा हसले. "आमची ढब्बूच ती. लहानपणी दारात मावायची नाही."

शलाकाने घास खाली ठेवला.

बाबांनी झोळीचं तोंड उघडून दोघांपुढे धरलं. "हेही टाका."

"काय?"

"आत्ता बोललात ते."

मामी लाल झाली. "आम्ही मायेनं बोलतो!"

"पाहिलंत?" शलाकाचे डोळे चमकले. "दोष यांचाच आहे. कधीपासून ओरडतेय मी!"

"बरं, तू जिंकलीस," बाबा म्हणाले. "पोट भरलं?"

ती थाळीकडे बघत राहिली.

सवयीने मामीचा हात पुढे आला, निम्मा मलिदा काढायला.

शलाकाने थाळीवर हात आडवा धरला. "नाही मामी. माझ्या ताटातलं कुणी काढायचं नाही. आणि मामा, ढब्बू म्हणून हाक मारलीत तर मी ओ देणार नाही."

मामीने हात पदराखाली घेतला.

शलाकाने घास तोंडात घातला. चावत राहिली. डोळे भरले, पण घास आत गेला. दुसऱ्या घासासाठी तिने घाईने थाळीत हात घातला.

"सावकाश, बेटी," बाबा म्हणाले. "भूक लांबून चालत येतेय."