धोंडूच्या झबल्याची आणि हसऱ्या आईची कहाणी

ऐक गं हसरे आई, तुझी कहाणी. बायांनो, तुम्हीपण ऐका. कडेवरची पोरं खाली सोडा, ती काही पळून जात नाहीत. गेली तरी परत येतात, भूक लागते.

एक नगर होतं, आटपाट होतं. एवढंसंच होतं. एका टोकाला मूल रडलं की दुसऱ्या टोकाची बाई पदर सावरून उठायची. त्या नगरात महादेवभट नावाचा गरीब ब्राह्मण राहायचा. त्याची बायको द्वारका. आणि त्याची आई राधाबाई, तिला सगळं नगर मान द्यायचं आणि लांबूनच द्यायचं. घर दोन खोल्यांचं. पुढे ओटी, मागे स्वयंपाकघर, त्यातच देव. सगळं होतं, पोटी मूल तेवढं नव्हतं.

नगराबाहेर तळं होतं. तळ्याकाठी चिंच होती. चिंचेखाली शेंदूर लावलेला धोंडा होता. तीच हसरी आई. तान्ही मुलं झोपेत हसतात ना, ती हिच्यामुळे. मूल निजलं की ही येते, झोळीशी बसते, गुदगुल्या करते. मूल हसतं, आणि आपण म्हणतो, काय बाई स्वप्न पडलं याला.

द्वारका तिथं गेली. ओटी भरली, पदर पसरला. म्हणाली, "आई, मला मूल दे. मग मी श्रावणातले शुक्रवार करीन. सोवळ्यानं पुरण घालीन, सोवळ्यानं पूजा करीन, तुला घरी जेवायला बोलवीन. जराही उणं पडू देणार नाही."

चिंचेचा पाला तेवढा हलला.

मग द्वारकेला दिवस गेले. मग मुलगा झाला. धोंड्यानं दिला म्हणून नाव ठेवलं धोंडू.

धोंडू पालथा पडला. धोंडू रांगला. धोंडू उभा राहिला, आणि उभा राहिला तो धावलाच. मधलं चालणं तो शिकलाच नाही. सकाळी आजीची जपमाळ तांब्यात बुडवायची, मग बापाची शेंडी धरून उठायचं, मग सुपातले तांदूळ ओटीवर नेऊन चिमण्यांना वाटायचे. दुपारी दमून झोळीत पडला की झोपेत खुदकन हसायचा. द्वारकेच्या हातातलं काम तिथंच थांबायचं. हसरी आई येऊन गेली, असं तिला वाटायचं, आणि घरभर ओल्या मातीसारखा वास यायचा.

श्रावण आला. नवस फेडायचा होता. द्वारकेनं लग्नातल्या सुती लुगड्याचा पदर फाडला, त्याचं धोंडूला झबलं शिवलं. राधाबाई म्हणाल्या, "द्वारके, पोर उघडं सोडू नकोस. देवापुढे गंगा सोडील."

पहिला शुक्रवार आला. द्वारका न्हाली, सोवळं नेसली, पुरण शिजत घातलं. पाट मांडला, पाटावर कलश ठेवला, कलशावर नारळ ठेवला. आता पूजा होईतो सुती कपड्यातल्या कुणाला शिवायचं नाही. इतक्यात धोंडू आला, धावतच आला, झबल्यासकट तिच्या गुडघ्यांना बिलगला.

राधाबाई म्हणाल्या, "मोडलं. न्हा."

मग द्वारका पुन्हा न्हाली. तोवर पुरण खाली लागलं. देवीनं करपलेलं खाल्लं असेल तर खाल्लं.

दुसरा शुक्रवार आला. द्वारकेनं पोर ओटीवर बापाकडे दिलं. म्हणाली, "एवढं धरून बसा." महादेवभटानं धरलं, आणि धरूनच झोपला. धोंडू सुटला. आत आला, कलशावरचा नारळ काढला, पाटावर स्वतः बसला, नारळ मांडीवर घेतला आणि जोजवायला लागला, "जो जो, जो जो." द्वारका उचलायला धावली, झबल्याला हात लागला.

राधाबाई म्हणाल्या, "मोडलं. न्हा."

मग द्वारका पुन्हा न्हाली. तोवर पुरणाला मुंग्या लागल्या. दिवेलागणीला कुठं पूजा उरकली.

तिसरा शुक्रवार आला. शेजारची भागीरथीकाकू म्हणाली, "अगं, मी माझी सगळी अशीच वाढवली. लुगड्याची पट्टी घे. एक टोक पोराच्या कमरेला, एक ओटीच्या खांबाला. रडेल घटकाभर, मग बसेल गप्प. पोरं काय, ऐकून ऐकून शिकतात."

द्वारकेनं तसं केलं. आत गेली, दार लोटलं. बाहेरून हाक आली, "आई." द्वारकेनं डाळ घोटली. हाक आली, "आजी." राधाबाईंनी माळ ओढली. मग नुसतं आलं, "ये." मग तेही नाही.

पूजा अशी झाली की बघत राहावं. सोवळं मोडलं नाही, पुरण लागलं नाही, फूल हललं नाही. राधाबाई सुनेला सहसा चांगलं म्हणत नसत, त्या म्हणाल्या, "आज झाली हो पूजा."

द्वारका ओटीवर आली. धोंडू खांबाशी निजला होता. गालावर पाण्याचे ओघळ वाळले होते. तिनं पट्टी सोडली, कमरेला लाल वळ होता. तिनं त्याला झोळीत घातलं आणि हसायची वाट बघत बसली. तो हसला नाही. दुसऱ्या दिवशी हसला नाही. मग जागेपणीही हसेना. ठेवावं तिथं बसायचा, द्यावं ते खायचा. माळ कोरडी राहिली, शेंडी सुखरूप राहिली. चिमण्या ओटीवर येऊन बसायच्या आणि तशाच उडून जायच्या.

भागीरथीकाकू म्हणाली, "बघ, कसा शहाणा झाला."

महादेवभट म्हणाला, "आताशा मला झोप नीट लागते." मग जरा वेळानं म्हणाला, "लागत नाही खरं म्हणजे."

राधाबाई उठल्या. तांब्यात माळ आहे का, एवढं बघून आल्या.

एका भर दुपारी द्वारकेनं पोर कडेवर घेतलं आणि तळ्यावर गेली. ऊन असं होतं की सावल्यासुद्धा निजल्या होत्या. म्हशी पाण्यात निजल्या होत्या. पाणी निजलं होतं. चिंचेखाली एक म्हातारी बसली होती, बारकी बारकी झबली धूत होती. धुवायची, झटकायची, फांदीवर टाकायची. वारा नव्हता, तरी झाडभर झबली हलत होती, जशी काय आत कुणी आहेत. म्हातारीच्या पदराला एक गाठ होती, आणि ती गाठ वळवळत होती.

द्वारका म्हणाली, "आजी, हसऱ्या आईला पाहिलंत का?"

म्हातारी म्हणाली, "ती कुठली भेटते. शुक्रवारी जेवायला गेली होती एका घरी, उपाशी परत आली."

"कुणाकडे?"

"असेल कुणी द्वारका. पहिल्या शुक्रवारी गेली, पोराचं बोट धरून आत शिरली. पोर आईला बिलगलं, तर सासू म्हणाली, न्हा. दुसऱ्या शुक्रवारी पोरानं तिलाच मांडीवर घेतलं, जोजवलं. सगळ्या जगाला ती जोजवते बाई, तिला आजवर कुणी जोजवलं नव्हतं. डोळा लागत होता, तर सासू म्हणाली, न्हा. तिसऱ्या शुक्रवारी गेली, तर पोर खांबाला. बांधलेलं पोर ओलांडून कुठली आई आत जाईल? बसली ओटीवर. आत आरती चालली होती, बाहेर ती आणि पोर. पोर रडून निजलं. त्याचं हसू ओटीवर सांडलं होतं, कुणी तुडवील म्हणून तिनं उचललं, पदरात बांधलं."

द्वारकेनं गाठीकडे बघितलं. मग म्हातारीचे पाय धरले. "आई, चुकले. मला काही नको. त्याचं त्याला दे."

"मी कशी देऊ? तुझ्या घरी बांधलं गेलं, तुझ्या घरीच सुटेल. वसा सांगते. घेशील, आणि मध्येच घाबरून टाकशील."

"नाही टाकणार."

"मग ऐक. शुक्रवारी पोराला आधी न्हाऊ घाल. झबलं काढून ठेव. अंगावर सूत नाही त्या पोरानं सोवळं मोडत नाही, हे तुझ्या सासूलासुद्धा ठाऊक आहे. सोवळं कापडानं मोडतं गं, पोरानं नाही. मग त्याला मोकळं सोड. ओढू नको, बोलवू नको. तो आपण होऊन येईतो दिवा लावू नको. पहिला घास त्याच्या मुठीत दे. तो ज्याला भरवील, त्याच्या तोंडानं मी जेवीन."

"आणि त्यानं गंगा सोडली तर?"

"तर पुसून घे. घरात फडकं नाही का?"

द्वारकेनं मान वर केली. म्हातारी नव्हती, झबली नव्हती. धोंडा तेवढा ओला होता.

पुढचा शुक्रवार आला. द्वारकेनं धोंडूला न्हाऊ घातलं, झबलं खुंटीला टांगलं. राधाबाई म्हणाल्या, "द्वारके, हे काय?"

"अंगावर सूत नाही, सासूबाई. सोवळं मोडत नाही."

राधाबाईंनी खुंटीवरच्या झबल्याकडे बघितलं. नियम त्यांचाच होता. मग म्हणाल्या, "आणि गंगा?"

"फडकं ठेवलंय."

पाट मांडला, कलश मांडला, पुरणाचं ताट वाढलं. धोंडू कोपऱ्यात बसला होता, ठेवला होता तसा. द्वारका पाटाशी बसली आणि वाट बघू लागली. ऊन उंबऱ्यावर आलं. ऊन चुलीपाशी आलं. ऊन भिंतीवर चढायला लागलं.

महादेवभट म्हणाला, "अगं, दिवा लावू का?"

"नको."

राधाबाई म्हणाल्या, "नैवेद्य गार झाला."

"होऊ दे."

"देवी कोपेल."

"कोपली तर माझ्यावर कोपेल, सासूबाई. त्याला आणायला मी जायची नाही, तो येईल." असं म्हणाली खरी, पण हात शिवशिवत होते. आलाच नाही तर? असाच बसून राहिला, बसल्या बसल्याच मोठा झाला तर? तिनं दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले.

तेवढ्यात एक चिमणी आत आली. ताटाबाहेरचं भाताचं शीत टिपलं, धोंडूकडे बघितलं, उडाली. धोंडू उठला. धावला नाही, चालत आला. पहिल्यांदाच चालला असेल तो. द्वारकेनं त्याच्या मुठीत पुरण दिलं.

तो देवीपुढे गेला, नारळ बघितला, घास दिला नाही. बापापुढे गेला. बापानं आ केला, घास दिला नाही. आईपुढे आला, तिच्या गालाला चिकट बोट लावलं, घास दिला नाही. मग तो राधाबाईंपुढे गेला.

राधाबाई पहाटेपासून उपाशी होत्या. देवाला दाखवल्याआधी अन्नाचा कण त्यांच्या ओठाला कधी लागला नव्हता, लहानपणीसुद्धा नाही. धोंडूनं मूठ त्यांच्या ओठांवर टेकवली. म्हणाला, "घे."

राधाबाईंनी नैवेद्याकडे बघितलं. खांबाकडे बघितलं. मग पोराच्या कमरेकडे बघितलं, वळ फिका झाला होता, गेला नव्हता. आणि त्यांनी आ केला.

धोंडूनं घास कोंबला, मुठीसकट कोंबला. नाकाला पुरण, हनुवटीला पुरण. राधाबाई भरल्या तोंडानं म्हणाल्या, "अरे मेल्या," आणि त्यातलं थोडं उडून त्याच्या पोटावर पडलं. धोंडूनं पोटाकडे बघितलं. आजीच्या एकुलत्या एक दाताकडे बघितलं, त्याच्यावरही पुरण. आणि तो हसला. घागर लवंडावी तसा हसला. हसता हसता गंगाही सोडली, थेट पाटापर्यंत गेली.

राधाबाईंना हसू आवरेना. डोळे पुसत म्हणाल्या, "द्वारके, फडकं आण. आणि दिवा लाव, जेवली ती."

द्वारका फडकं घेऊन वाकली. जमिनीवर धोंडूची ओली पावलं होती, बोटभर बोटभर. त्यांच्या शेजारून मोठी ओली पावलं उमटली होती, उंबऱ्यापासून निघून राधाबाईंच्या पायांपर्यंत आली होती. राधाबाईंचे पाय कोरडे होते. द्वारकेनं गंगा पुसली. ती पावलं पुसली नाहीत. न्हा, असं कुणी म्हणालं नाही.

मग काय झालं? आभाळातून सोनं पडलं नाही, घराला तिसरी खोली आली नाही. माळ पुन्हा तांब्यात गेली. शेंडी पुन्हा ओढली गेली. चिमण्या परत आल्या. दुपारी झोळीत धोंडू हसला, आणि भिंतीशी पडलेल्या राधाबाई, त्याही झोपेत खुदकन हसल्या. घरभर ओल्या मातीसारखा वास आला.

द्वारकेला हसरी आई जशी पावली, तशी तुम्हाआम्हाला पावो. तुमच्या घरचं हसू कधी खांबाला न बांधलं जावो, आणि बांधलंच गेलं तर सोडवायला एक दात असलेली आजी असो. अशी ही साठ उत्तरांची कहाणी, पोरं जागी व्हायच्या आत पाच उत्तरांत आटोपली, सुफळ झाली, संपूर्ण झाली.