मिठाची शिळा

एका राज्यात एक राजपुत्र होता आणि तो बारशिंगा होता. त्या राज्यात याचे कुणाला फारसे नवल नव्हते. एका रागीट जादूगाराने त्याला शाप दिला होता, की ज्या वर्षी शिंगांना बारा फाटे फुटतील, त्या वर्षीच तू पुन्हा माणूस होशील. राजपुत्राचे नाव नीलकेतू.

त्याची थोरली बहीण कनकवल्ली रोज सकाळी तळ्याकाठच्या शिळेवर मीठ ठेवी. मिठासाठी सारा कळप येई आणि कळपाबरोबर भाऊही. ती त्याची मान खाजवी, त्याला राजवाड्यातल्या चहाड्या सांगे. वेडी माया, दुसरे काय! पण शिंगे काही वाढेनात. कळपाची कातडी निस्तेज झाली, जबड्यांखाली सूज लोंबू लागली, पाडसे उभ्या उभ्या कोसळू लागली. सारे राज्य जादूगाराच्या नावाने बोटे मोडू लागले.

नीलकेतूच्या पाठीवर बसून एक साळुंकी गोचिड्या टिपत असे. एके दिवशी ती बोलली.

"राजकन्ये, शिंगे जादूगाराने दिली. आजार तू दिलास."

मग साळुंकीने तिला सगळे समजावले. मिठाच्या लोभाने कळप तळे सोडत नव्हता. जिथे चरायचे, तिथेच लेंड्या टाकायच्या. पोटातले जंत लेंड्यांतून गवतावर येत आणि गवताबरोबर पुन्हा पोटात जात.

"उपाय सांग."

"तीन कामे आहेत. तिसरे तुझ्याने होणे कठीण."

पहिले काम, धुक्याच्या डोंगरावरचे वावडिंग आणायचे. तिथल्या राक्षसाला आपले रडगाणे ऐकवायला कुणी मिळत नव्हते. कनकवल्लीने ते सगळे ऐकले, तेव्हा त्याने स्वतःच झोळी भरून दिली. दुसरे काम पळसाच्या बियांचे. त्या रानात पळसाची फुले खरोखरच पेटलेली असत. तिच्या हातांना फोड आले, पण बिया मिळाल्या. दोन्ही कुटून तिने मिठात कालवले. कळपाने तोंडे वाकडी केली, तरी मीठ चाटून पुसून संपवले, आणि पोटातले जंत पडू लागले.

"आता शिळा फोड," साळुंकी म्हणाली. "आणि त्याला हाक मारू नकोस. हाकेला तो येईल, आणि या गवतावर मरेल."

कनकवल्लीने घण उचलला. शिळा फुटली. कळप थोडा वेळ घुटमळला, मग नदी ओलांडून नव्या कुरणांकडे निघाला. एकटा नीलकेतू मागे वळून उभा राहिला. तिने पदराचा बोळा तोंडात कोंबला. तो बराच वेळ उभा होता. शेवटी गेला.

कनकवल्लीने राज्यात फर्मान काढले, की रानातले मीठ दर ऋतूत नव्या जागी ठेवावे. सुजा ओसरल्या, पाडसे उड्या मारू लागली, असे साळुंकी येऊन सांगे. भावाविषयी मात्र ती काही बोलत नसे, आणि विचारायची कनकवल्लीची छाती होत नसे.

पुढल्या वर्षी एका सकाळी नदीतून एक तरुण चालत आला. त्याच्या हातात गळून पडलेली शिंगे होती, बारा फाट्यांची.

"ताई," तो म्हणाला, "त्या दिवशी मी तुझ्या हाकेसाठी थांबलो होतो."

"मला ठाऊक होते."

तो अगदी समोर, हाताच्या अंतरावर उभा होता. तरी वर्षभर गिळून ठेवलेली ती हाक कनकवल्लीने आता मारली, पार डोंगरापलीकडे ऐकू जाईल अशी. नीलकेतूने तिला ओ दिली. तशी ओ तुमच्याही हाकेला मिळो.